फटफट्यांची सोबत

सोबतीचे प्रकार पुष्कळ आहेत. आगगाडीतील सोबत ही प्रश्नांची असते. आपण कोठले, काय करता, मुले किती, एवढे उरकले की कर्जत येते. मोटारीतील सोबत खाण्याची. घाट चढून होईपर्यंत चिवड्याचा डबा रिकामा होतो, आणि मग बाहेरही पाहण्याजोगे काही आहे याची मंडळींस आठवण होते. पायी फिरणाऱ्यांची सोबत वादविवादाची. परंतु जीत बोलण्याची मुळीच सोय नाही आणि तरीही जी सोबत म्हणून पुरेपूर पटते, अशी एकच मला ठाऊक आहे. ती पाचसहा फटफट्यांची.

फटफटी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मोटारसायकल हे यंत्राचे नाव झाले; फटफटी हे तिच्या स्वभावाचे. आमच्या तांड्यात अशा सहा आहेत. तीन बुलेट, दोन अलीकडच्या, आवाजाने गरीब पण अंगाने चपळ, आणि एक येझदी. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात येझदी होत असे तो १९९६ साली बंद पडला. तेव्हा ही किमान तितकी जुनी आहे हे उघडच आहे. तिच्यात किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच असतो. आधी त्याने तिला जागे करावयाचे आणि मग तोच वळवून तिला चालवावयाचे. धुराचा आणि तेलाचा वास सोडीत ती सर्वांच्या मागून येते. तिचा धनी आमच्यातील सर्वांत वयस्कर गृहस्थ आहे. त्याची गती तीच सर्वांची गती, एवढा एकच नियम आम्ही पाळतो. पुढच्याने वळणावर मागे पाहावे, आणि आरशात सहावा दिवा दिसल्यावाचून वेग वाढवू नये. यापलीकडे आमच्या मंडळास घटना नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही.

भाद्रपद संपत आला की आम्ही ताम्हिणीचा घाट उतरतो. पहाटे चांदणी चौकात जमावयाचे. तेथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला आणि त्याच्या जागी रस्त्यांची अशी गुंफण झाली की जमण्यापूर्वीच एखादा गडी मुंबईच्या वाटेला लागतो. तो परत येईपर्यंत चहा होतो. मग भूगाव, पिरंगुट, पौड. या गावांतून पूर्वी भाताचा वास येत असे. हल्ली सिमेंटचा येतो. त्यावर मी अधिक लिहीत नाही. पौड मागे पडले की मात्र डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकतात, हवा एकदम ओली होते आणि कोटाची वरची गुंडी लावावी लागते.

मोटारीतून दिसणारा डोंगर हा चौकटीतला असतो. फटफटीवर तो अंगावर येतो. खाचरांवरून जाताना गारवा गुडघ्यांना कळतो, वस्तीजवळ चुलीचा धूर नाकाला कळतो, आणि ओढ्यावरील मोरी आली हे पाहण्याआधी कानाला कळते. त्यात बोलणे बंद! शेजारचा मनुष्य दहा हातांवर असून त्यास ‘काय सुंदर!’ असे म्हणता येत नाही. या एका गोष्टीने सृष्टिसौंदर्याचे केवढे रक्षण होते! कड्यावरून पडणारे पाणी दिसले तर पुढचा नुसता डावा हात लांब करतो; मागचा तसाच हात करतो; आणि ती खूण येझदीपर्यंत पोचते. वर्णन तेवढेच.

या रस्त्यावर प्रेक्षणीय म्हणून ठरलेली ठिकाणे आहेत, आणि ती कशी ठरली हे मोठे गमतीचे आहे. धबधबे तर शेकड्यांनी आहेत. पावसाळ्यात प्रत्येक वळणावर एक लोंबत असतो. परंतु ज्याच्यासमोर चार मोटारी उभ्या राहण्याइतकी जागा असते तोच प्रसिद्धीस येतो. जागा झाली की कणसांची शेगडी येते, तिच्यामागून कांदाभजी येतात, आणि मग फलक लागतो. त्याहून दुप्पट उंचीचा एक धबधबा पुढच्याच अडचणीच्या वळणावर निनावी पडत असतो. तेथे मोटार थांबत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. फटफटीला तीन हात जागा पुरते. तेव्हा आमची स्थळे निराळी आहेत. एका कठड्यापाशी सोनकीची पिवळी पसरण, एका उतारावर तेरड्याची गुलाबी रांग, आणि एका कड्याखाली कारवीचे रान. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. फुलली नसेल तेव्हाही आम्ही तेथे थांबतो. पुढल्या खेपेची विचारपूस केल्यासारखे वाटते.

मुळशीच्या तलावाशी मात्र सारेच थांबतात. मोटारीही आणि आम्हीही. रस्ता काठाकाठाने जातो. सकाळच्या वेळी पाण्यावर धुके असते, पलीकडचे डोंगर कापसावर ठेवल्यासारखे दिसतात, आणि मनुष्य कितीही रुक्ष असो, त्याचा हात आपोआप छायाचित्राच्या यंत्राकडे जातो. आमच्यातील पाच जण कठड्याशी उभे राहतात. येझदीवाला चहाचा पेला घेऊन तलावाकडे पाठ करून बसतो. दरवर्षी बसतो. त्याच्या पणजोबांचे गाव या पाण्याखाली आहे.

हे तळे नैसर्गिक नव्हे. मुंबईच्या गिरण्यांस व उद्योगांस वीज हवी होती, म्हणून टाटांच्या वीज कंपनीने मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण घातले. पन्नासांहून अधिक गावांची जमीन त्यात जाणार होती, आणि तीही मावळातली, आंबेमोहोराची. १९२१ च्या रामनवमीस मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. हा मुळशीचा सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि त्यातूनच त्यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटित होऊन दिलेला हा जगातील पहिला लढा, असे अभ्यासक म्हणतात. लढा हरला. १९२७ साली वीज वाहू लागली. पुण्यात आज सेनापती बापट रस्ता आहे. मुंबईत परळ-दादरच्या बाजूस, ज्या गिरण्यांचे नाव सांगून ते खोरे घेतले त्यांच्याच भिंतींना लागून, सेनापती बापट मार्ग आहे. गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. त्यांच्या आवारांत आता कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत. तळे तेवढे राहिले आहे.

मग त्या तळ्याकडे आम्ही पाहावे की पाहू नये? एकदा मी हा प्रश्न येझदीवाल्याला सरळ विचारला. मला वाटले, तो चिडेल, निदान मोठे व्याख्यान देईल. तो म्हणाला, “अरे, तळे सुंदर आहे, मला का दिसत नाही? पण माझ्या आजीने त्याला कधी तळे म्हटले नाही. ती ‘आमचे शेत’ म्हणायची. शेताकडे काय म्हणून टक लावून बघायचे?” एवढे बोलून त्याने चहाचे पैसे दिले व किक मारली.

मला हे उत्तर अजून पुरते पचलेले नाही. सौंदर्य निरपराध असते अशी आम्हां पुस्तकी माणसांची एक समजूत असते. किंवा याच्या उलट, जे अन्यायातून जन्मले ते सुंदर असूच शकत नाही अशी दुसरी. मुळशीच्या काठावर दोन्ही लंगड्या पडतात. पाणी खरोखर सुंदर आहे, आणि खाली खरोखर बांध, जोती व देवळांच्या पायऱ्या आहेत. त्यानंतर मी छायाचित्रे काढणे सोडले आहे असे नाही. परंतु ज्याच्याकडे माझी पाठ नाही आणि ज्याची त्याच्याकडे पाठ आहे, त्या दोघांनी एकाच बाकावर चहा घ्यावा, हे मात्र मला आवडते.

पुढे ताम्हिणी. विंझाईच्या देवळाशी क्षणभर उतरून आम्ही घाटास लागतो. येथे ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. दिवे लावूनही पुढच्याची लाल चुणूक तेवढी दिसते, आणि पाठीमागून येणारा येझदीचा ठोका हाच सर्व ठीक असल्याचा निरोप. वाहन गिअरवर उतरवावे लागते. ओल्या रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबणे म्हणजे शेवाळावर पाय देणे. कोणी कोणास सांगत नाही. सहाही एंजिने एकाच वळणावर स्वर उतरवतात, एवढेच ऐकू येते. मग ढग डोक्यावर राहतो, विळे येते, आणि कोकणची उष्ण हवा अंगातला कोट काढावयास लावते.

तेथून सुतारवाडीवरून कोलाडला जाताना कुंडलिका भेटते. तिच्यात रबराच्या होड्या घालून लोक उसळत्या पाण्यातून जातात. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी त्यासाठी सकाळपासून रांग लावून असतात. हे उसळते पाणी कुंडलिकेचे एकटीचे नव्हे. मुळशीचे पाणी निसर्गाच्या हिशेबाने पूर्वेस जावयाचे: मुळा, मुठा, भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. परंतु डोंगर पोखरून ते पश्चिमेस वळविले आहे. सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर ते कोसळते, तेथे वीज देते आणि कुंडलिकेत शिरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. वरून पाणी सोडले की होड्या निघतात. न सोडले तर सगळे काठावर बसून राहतात.

गेल्या खेपेस आम्ही पोचलो तेव्हा पाणी यावयाचे होते. शिरस्त्राणे घातलेली मुले कंटाळून बसली होती. येझदीवाल्याने होडीवाल्या पोराला विचारले, “किती वाजता येते रे?”

“काय नेम नाही, काका. वरचे सोडतात तेव्हा येते.”

थोड्या वेळाने दगड एकेक करून बुडू लागले, होड्या हलल्या आणि पोरांनी आरोळ्या ठोकल्या. आमचा गृहस्थ काठावर उतरला. “आमच्याकडचे पाणी आले,” असे म्हणून त्याने हात धुतले, आणि वर येऊन भाकरीचे फडके सोडले.