चाकाजवळची माणसे

रथोत्सवात देवाचे दर्शन घेणारे पुष्कळ असतात, चाकाकडे पाहणारे थोडे. मंगेशीच्या माघी जत्रेतील महारथ असो वा आमच्या कर्नाटकातील एखाद्या आडगावचा रथ असो, तो हलला की शेकडो हात दोराला लागतात, वाद्ये दुमदुमतात, आणि त्या गदारोळात चारदोन माणसे वाकून चाकाशेजारून चालत असतात. रथ वळवावयाचा, उतारावर आवरावयाचा, तो हातातील लाकडी पाचर चाकाखाली सरकवून. मराठीत 'पाचर मारणे' या शब्दप्रयोगास उगीचच अपकीर्ती चिकटली आहे. आमच्या मते त्या मिरवणुकीत पाचर मारणाऱ्याइतका भरवशाचा मनुष्य दुसरा नसतो.

सांबऱ्याच्या विमानतळावर विमानाच्या चाकांना तशाच पाचरी लावताना आम्ही पाहिले, तेव्हा या सेवेकऱ्यांची आठवण झाली. येथे येणारे एटीआर जातीचे विमान पंख्यावर चालते, आणि तो पंखा वेगाने फिरू लागला की डोळ्यांना दिसेनासा होतो. जेट विमानाचे इंजिन याहून कपटी. ते समोरची हवा आत ओढते, मागे झोत फेकते, आणि त्याच्या आवाजापुढे कानांचा उपयोग उरत नाही. विमानाच्या पोटावर व पाठीवर लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन सुरू आहे अथवा सुरू होणार आहे, असे समजून दूर राहावयाचे हा तेथील पहिला धडा. वैमानिकाला आपल्या आसनावरून पोटाखालचा मनुष्य दिसत नाही. खालच्या मनुष्याचे प्राण म्हणजे खुणांवर आणि कानाला लावलेल्या तारेवर तोललेली वस्तू.

16 डिसेंबर 2015 रोजी रात्री मुंबईच्या विमानतळावर हैदराबादला जाणारे एअर इंडियाचे विमान जागेवरून मागे ढकलून झाले होते. खालची माणसे पुरती बाजूला होण्यापूर्वीच ते पुढे निघाले, आणि कंपनीच्या एका तंत्रज्ञास इंजिनाने आत ओढून घेतले. वस्तुतः हे टाळण्यासाठी एक सुंदर रीत घालून दिलेली आहे. विमान ढकलताना पुढच्या चाकाचे सुकाणू मोकळे राहावे म्हणून तेथे एक खीळ घालतात. तिला लाल फीत लोंबत असते. ढकलण्याचा दांडा सोडविल्यावर ती खीळ काढावयाची, बाजूला जाऊन उभे राहावयाचे, आणि फीत उंच धरून वैमानिकास दाखवावयाची. आम्हां वकिलांना यात पुराव्याच्या कायद्याचे मर्म दिसते. 'खीळ काढली आहे' हे सांगून भागत नाही. ती न्यायासनासमोर हजर करावी लागते, आणि ती हजर करणारा सुखरूप अंतरावर उभा आहे हेही त्याच वेळी सिद्ध होते.

नुसत्या सूचनेने काय साधते ते अमेरिकेत दिसले. 31 डिसेंबर 2022 रोजी आलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे विमान दारापाशी येऊन थांबले. डावे इंजिन अजून चालू होते; बाहेरची वीज जोडली जाईपर्यंत इंजिने चालू राहावयाची होती. ही गोष्ट विमान येण्यापूर्वी जमिनीवरील मंडळींना एकदा नव्हे, दोनदा एकत्र उभे करून सांगण्यात आली होती. तरी एक व्यक्ती त्या डाव्या इंजिनाकडे ओढली जाऊन मृत्यू पावली.

'सांगितले होते' हे वाक्य आमच्या परिचयाचे आहे. आमच्या टिळकवाडीला लागूनच उद्यमबागचे ओतकाम व यंत्रकामाचे कारखाने आहेत. त्यांपैकी एका कारखान्यात मरण पावलेल्या कामगाराच्या पत्नीचे काम आम्ही चालविले होते. मालकाच्या वतीने हेच म्हणणे मांडले गेले की, मयतास वारंवार बजावले होते. परंतु 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने, मृत्यू ओढवला असता, कामगाराने आज्ञा मोडली ही सबब मालकास ठेवलीच नव्हती. हेच तत्त्व पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले. त्या बाईंना रक्कम मिळाली. निकालाच्या दिवशी त्यांनी आम्हांस एवढेच विचारले, "वकीलसाहेब, ते यंत्र अजून तसंच चालू आहे का हो?" कागदपत्रांत याचे उत्तर कोठेच नव्हते.

खाली उभ्या असलेल्या मंडळींच्या उतावीळपणाविषयी बोलताना वर बसलेल्यांच्या उतावीळपणाचाही विचार व्हावयास हवा. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकांपाशी हे रोज पाहण्यास मिळते. फाटक पडले की आपली सुशिक्षित मंडळी सायकली आडव्या करून दांड्याखालून निघून जातात, आणि गेटमनला दोष देतात तो उशिराबद्दल. विमानात हेच गृहस्थ दार बंद झाल्यापासून घड्याळ पाहू लागतात. विमान वेळेवर निघाले की कंपनीची वाहवा होते. दांडा सोडविणाऱ्याने दोन पावले अधिक मागे जाण्यासाठी घेतलेला अर्धा मिनिट मात्र उशिराच्या खात्यात पडतो. तो खात्यातून वगळण्याचा ठराव एखाद्या कंपनीने केला, तर तिचे तिकीट चार पैसे महाग असले तरी आम्ही घेऊ.

मुंबईहून निघताना खिडकीपाशी जागा मिळाली की आम्ही त्या लाल फितीची वाट पाहतो. पुष्कळदा ती दिसत नाही, कारण खीळ दाखविणारा दुसऱ्या बाजूस उभा असतो. शेजारचे गृहस्थ विचारतात, "काय हो, अजून का थांबले आहे?" आम्ही सांगतो, "खाली माणूस आहे."