एक जूनची मुलं

खानदेशातल्या जुन्या मराठी शाळांचा इतिहास कुणी मुद्दाम लिहून ठेवलेला नसतो. जो आहे तो हेडमास्तरांच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरात. पानांच्या कडा झडलेल्या, शाई तांबूस, सुरुवातीला कुठे कुठे मोडी. १९०६ साली खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे. लोकल बोर्ड गेलं, स्कूल बोर्ड आलं, १९६२ साली जिल्हा परिषद आली. दारावरची पाटी तेवढी बदलली. खोल्या, ओटा आणि लिंबाचं झाड जागच्या जागी.

मला आवडतो तो जन्मतारखेचा रकाना. बापाला आठवायचा पूर, नाहीतर दुष्काळ. तारीख कुठली सांगणार? मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात पलीकडे न्यायला सांगत. बोटं कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं! टाक दौतीत बुडायचा आणि १ जून उमटायचा. त्या एका अंदाजावर माणसं नोकरीला लागली आणि ३१ मेला निवृत्त झाली. त्या दिवशी कचेऱ्यांत हार पुरत नाहीत.

जन्मतारखेसारखीच गैरहजेरीही कागदावर उतरते. स्कॉटलंडच्या खेड्यांतले हेडमास्तर शाळेची रोजनिशी लिहीत. बटाटे काढायला मुलं गेली, वर्ग ओस, अशा नोंदी तिच्यात सापडतात. पुढे तिथे ऑक्टोबरात बटाट्यांची सुट्टीच पडू लागली. आपल्याकडे कापसाला असा मान कुणी दिला नाही. दिवाळीच्या सुमारास पोरगं वेचणीला गेलं की शेरा पडायचा, ‘सतत गैरहजर’. नाव कमी. मुलींचं तर नाव चढण्यापासूनच वांधे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंनी शाळेचं तोंडही पाहिलं नाही. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून घेतली, १९५२ साली पुस्तक निघालं, मग ती शाळेच्या क्रमिक पुस्तकांत गेली. २०१८ मध्ये तर जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव मिळालं.

हल्ली रजिस्टर खाली निघतं ते जातीच्या दाखल्यापायी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून पणतू पणजोबाला शोधत येतो. शिपाई धूळ झटकतो, हेडमास्तर बोट फिरवत खाली खाली येतात. सापडतो गडी! तीन महिन्यांत शाळेतून पळालेला. पण त्या तीन महिन्यांवर पणतूची इंजिनिअरिंगची सीट अडलेली असते.