आहेर कापू नका

लग्नाच्या कॅसेटबद्दल माझं मत वर्षानुवर्षं ठाम होतं. तीन तासांतला अर्धा तास ठेवावा, बाकीचं काढून टाकावं. अंतरपाट, सप्तपदी, फार तर पाठवणी. आहेर, पंगत, हॉलच्या दारात चपला शोधणारी माणसं, हे कुणाला पाहायचंय? हे मी इतक्या वेळा बोलून दाखवलं की माहेरच्या आणि सासरच्या सगळ्या कॅसेट्स डिस्कवर उतरवायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. आज मी नेमकी उलट्या मताची आहे. एक मिनिटही कापू नये, या मताची.

आमच्या कॅसेट्स ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर, आणि बघता बघता लग्नात फोटोग्राफरच्या जोडीला व्हिडिओवालाही आला. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा उंच धरलेला पोऱ्या आणि त्याच्या मागे लोकांच्या पायांतून वायर सोडवणारा आणखी एक. दिवा तोंडावर आला की माणसं दगड व्हायची. पंगतीत तर हातातला जिलबीचा तुकडा कॅमेरा पुढे सरकेपर्यंत तसाच धरलेला. पुढे स्टुडिओत ‘मिक्सिंग’ व्हायचं. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, कोपऱ्यातून उलगडत येणारी पानं आणि खाली सिनेमाची गाणी. आपल्याला मिळायची ती ही मिक्स केलेली नक्कल. मूळ कॅसेटवर पुढच्या कुणाचं तरी लग्न चढलेलं असायचं.

मला हे काम कॉम्प्युटरवर करायचं होतं, म्हणजे हवं ते ठेवता आलं असतं. पण भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून एक जुना कॉम्बो रेकॉर्डर आणून दिला. एकाच खोक्यात एकीकडे कॅसेटचं तोंड, दुसरीकडे डिस्कचा ट्रे आणि डबिंगचं एक बटण. मला ते यंत्र अगदीच अडाणी वाटलं. काटछाट जवळजवळ नाहीच. डीव्हीडी-आरवर जे एकदा लिहिलं गेलं ते गेलं. आणि घाईही चालत नाही. ई-१८०ची पूर्ण भरलेली कॅसेट असेल तर तीन तास ती चालणार, तेवढा वेळ तुम्ही घरात.

बसावंही लागतं. जुनी फीत मध्येच ट्रॅकिंग सोडते, चित्राच्या तळाशी पांढरे पट्टे नाचायला लागतात, मग रिमोट घेऊन ते जागेवर आणायचं. कधी यंत्र भलताच आक्षेप घेतं. भावाच्या मुंजीच्या कॅसेटला त्याने ‘कॉपी करण्यास मनाई’ असा संदेश देऊन डबिंगच थांबवलं. विकतच्या सिनेमाच्या कॅसेट्सवर नक्कल होऊ नये म्हणून एक खूण असायची. झिजलेल्या फितीतला बिघडलेला सिग्नल यंत्राला कधी कधी तसाच भासतो. आमच्या मुंजीची चोरटी नक्कल कोण काढणार होतं, देव जाणे. फीत शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तर अशी बसलेली असताना मी माझ्या लग्नातला आहेर पहिल्यांदा पूर्ण पाहिला. एरवी तिथे हात आपोआप फॉरवर्डवर जायचा. मामा वही घेऊन बसलाय, शेजारी आजी, आईची आई. फोटो काढायचा म्हटलं की आजी पदर तोंडावर घ्यायची, त्यामुळे अल्बममध्ये ती जवळजवळ नाहीच. इथे ती कामात आहे, कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नाही. पाकीट हातात आलं की ती ते दिव्याकडे धरते, आतली नोट केवढी ते बघते, तळाशी गेलेला सुट्टा रुपया अंगठ्याने चाचपते आणि मामाला म्हणते, “एकावन्न. आणि आपण त्यांच्या मुंजीक एकशेएक दिलंव.” देवगडकडचा तिचा हेल जसाच्या तसा. मामा वर न बघता लिहितो. मागे स्टीलचा डबा कुणाच्या तरी हातून पडतो आणि आजी तिकडेही एक नजर टाकते.

आजी बोललेली ऐकू येते, हे मला त्या क्षणी सगळ्यात मोठं वाटलं. मग लक्षात आलं की यात नशिबाचा भाग नाही. मिक्सिंगवाल्याला जे महत्त्वाचं वाटलं तिथे त्याने गाणी टाकली. वरमाला, सप्तपदी, पाठवणी, सगळीकडे सिनेमातली सनई नाहीतर एखादी विरहाची धून, आणि खालचा मूळ आवाज कायमचा गेलेला. आई पाठवणीच्या वेळी माझ्या कानाशी काहीतरी बोलतेय, ओठ हलताना दिसतात, ऐकू येतं ते गाणं. आहेराकडे मात्र त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून तो शाबूत राहिला. मी जे कापायला निघाले होते तेवढ्यातच आमची माणसं बोलत होती.

लेकीचं म्हणणं, तीन तास कोण बघणार आहे? कुणीच नाही, मान्य. तिला दाखवायला मी वीस मिनिटांचं वेगळं काढूनही देईन. पण पूर्णातून छोटं कधीही काढता येतं, छोट्यातून पूर्ण येत नाही. आणि पुढच्या माणसाला काय हवं असेल हे मी कसं ठरवू? मला स्वतःलाच तीस वर्षांपूर्वी आजीचा आवाज नको होता. कॅसेट संपल्यावर येणाऱ्या मुंग्या मी कापते, एवढीच माझी कात्री.

डिस्कवर मात्र फार भिस्त ठेवू नका. साध्या डिस्कची जागा ४.७ जीबी. एसपी गतीला तिच्यावर दोन तास मावतात. तीन तास एका डिस्कवर कोंबायला एलपी लावलं की दिव्याच्या झोतात हलणाऱ्या जरीच्या साड्यांचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. म्हणून मी दोन डिस्क वापरते. शेवटी ‘फायनलाइज’ केल्याशिवाय डिस्क यंत्राबाहेर काढत नाही, नाहीतर ती दुसऱ्या प्लेअरवर बहुधा लागतच नाही. मग तीच फाइल हार्ड डिस्कवर, तीही दोन घरांत, कारण घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर काळाबरोबर उतरतो. कॅसेट्स टाकलेल्या नाहीत.

व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी मानली गेलेली जपानची फुनाई. तिने सुटे भाग मिळेनात म्हणून जुलै २०१६मध्ये उत्पादन बंद केलं. आता जी यंत्रं चालतात ती सगळी जुनीच, आणि ती दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत. तेव्हा माळ्यावरच्या कॅसेट्स या उन्हाळ्यातच खाली काढा. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका. हेड खराब होतं आणि ती बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते, ती साफ करणाऱ्याकडेच द्या. आणि काम दुकानात देणार असाल तर पावतीवर लिहून घ्या. काही कापायचं नाही, वर गाणं घालायचं नाही, मूळ कॅसेट परत हवी.