निरोप

मोगलीवर आमच्या गावातली पोरं जीव टाकायची. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. चित्रं जपानी, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर त्या एका टीव्हीपुढे बसलेली निम्मी पोरं ऊसतोडीच्या हंगामात आजीजवळ राहणारी. लांडगीण माणसाचं पोर सांभाळते याचं आम्हाला नवल नव्हतं. आईबापाशिवाय वाढणारं पोर टीव्हीत दिसतं, याचंच अप्रूप होतं.

नगर जिल्ह्याच्या उत्तरेत, प्रवरानगरला, १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. दक्षिणेतल्या पाथर्डी-शेवगावातून मात्र दसरा-दिवाळी झाली की माणसं कोयता घेऊन निघत. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली, त्यामुळे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतणं नाही. त्यांचा निरोप यायचा तो ट्रकवाल्याकडून. तो हॉटेलवाल्याला सांगे, हॉटेलवाला एसटीच्या कंडक्टरला, कंडक्टर फाट्यावरच्या गिरणीवाल्याला. आजीपर्यंत येईतो एवढंच उरे, ‘बरी हायेत. होळीच्या पुढंमागं येतील.’ तेवढ्यावर मी आठवडाभर उड्या मारत शाळेत जाई.

‘फाइंडिंग नीमो’ (२००३) मधली बापलेकाची भेट सगळ्यांना आवडते. मला भिडतो तो पेलिकन. पोराला शोधत निघालेल्या मार्लिनची हकीकत कासवाच्या पिल्लांकडून माशांकडे, डॉल्फिनकडे, पाखरांकडे जाते, आणि सिडनीत दातांच्या डॉक्टरकडे काचेच्या टाकीत अडकलेल्या नीमोला पेलिकन ती सांगतो. एक पर लहान असलेलं, मघापर्यंत खचून बसलेलं ते पिल्लू ऐकल्याबरोबर खडा घेऊन फिल्टरच्या नळीत शिरतं. बाप अजून खूप दूर आहे, पण बळ आलेलं असतं. असे सिनेमे लहानग्यांना रडवतात, अशी तक्रार असते. ताटातूट त्यांनी पोरांपासून लपवली नाही, हाच मला त्यांचा मोठेपणा वाटतो.

गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने तो सिनेमा तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, लावून दिला आणि मराठीत समजावत राहिली. पेलिकन बोलू लागला तशी आईने विचारलं, ‘आन् बापाला कोण सांगणार, पोराला निरोप पोचला म्हणून?’

मग ती ऊसतोडीच्या कोपीतल्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच बोलली. ट्रक भरून झाला की ड्रायव्हरला चहा द्यायची, निरोप त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायची. पुढच्या खेपेला तोच येतो का, ते बघत राहायची. बहुतेकदा दुसराच कुणी यायचा.