मागचं इंजिन

चेन्नईची गाडी कर्जतला थांबली, मागे बँकर इंजिनं जोडली गेली. ३७ फुटांमागे एक फूट चढ. बोरघाट एकट्या इंजिनाला झेपत नाही. हलका हिसका बसला. समोरच्या आजींनी वडापाव बाजूला ठेवून हात जोडले. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

पळसदरी मागे पडली. बोगद्यामागून बोगदे, मधूनच खालापूरकडची हिरवी दरी. १८६३ साली हा मार्ग खुला झाला. तोवर पटकीनं, तापानं, अपघातांनी हजारो मजूर गेले होते. त्यांची नावं शोधावीत, असं फार वाटतं.

मागून रेटणारं इंजिन प्रवाशाला दिसत नाही, नुसतं जाणवतं. मलाही असंच कुणी कुणी वर आणलं. आईनं तर नक्कीच. तिला हे कधी बोलून दाखवलं नाही.

घाट संपला, बँकर सुटले. रायचूर, गुंतकल अजून रात्रभर दूर.