कुणाच्या हातचं

नाताळाचं ताट यंदाही आलं. क्रोशाच्या रुमालाखाली नेवऱ्या होत्या, कुलकुलं होती, बेकरीतला चॉकलेट केकही होता. दोदोल नव्हता. मी रुमाल पुन्हा उचलून पाहिला, तेव्हा ताट घेऊन आलेली शेजारची सून ओशाळून म्हणाली, "आता ढवळूक कोण आसा गो? मांयचो खांदो गेलो."

मांय म्हणजे तिची सासू. आमच्या वेंगुर्ल्याच्या घराला कुंपण लागून त्यांचं घर. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ एवढ्यावर होणाऱ्या दोदोलासाठी ती दुपारभर चुलीपुढे उभी राहायची. हात थांबला की बुडाला लागतं, म्हणून थांबायची नाही. खांदा जाणारच होता.

या दोदोलशी लहानपणी माझी गाठ विहिरीमागे पडायची. ताट दारात आलं की आजी पुढे व्हायची, दोन्ही हातांनी घ्यायची आणि तोंडभर हसून म्हणायची, "कित्या गो एवढा केलंस?" मांय आनंदाने परत जायची. ताट ओटीवरच्या कोनाड्यात जायचं आणि संध्याकाळी गड्याच्या घरी. आम्हाला हात लावायची बंदी. कारण कुणी सांगत नसे, विचारतही नसे. दिवाळीत आमचा फराळ कुंपणापलीकडे जायचा आणि तो खाल्ला जायचा, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. कोनाडा आणि गड्याचं घर यांच्या मधल्या वेळात मी आणि चुलतभाऊ दोन वड्या लांबवायचो. बोटांना खोबऱ्याचं तेल लागायचं, वडी दाताला धरून बसायची, गुळाचा धुरकट गोडवा यायचा आणि अगदी शेवटी किंचित खारट. मांय मीठ टाकायची, चिमूटभर.

आजीने मला वाढवलं. तिच्या हातचं खाऊनच मी मोठी झाले. पण ते दारातलं हसू मी तिला अजून माफ केलेलं नाही. तोंडावर नाही म्हणाली असती तर परवडलं असतं.

नोकरीने क्वालालंपूरला नेलं तेव्हा मी कांपुंग बारूत एक खोली घेतली. ऑफिसातल्या आपल्या लोकांना ते वेडेपण वाटलं. खिडकीत 452 मीटर उंचीचे पेट्रोनासचे जुळे मनोरे आणि खाली पत्र्याच्या छपराची लाकडी घरं, केळी, कोंबड्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर ब्रिटिश अमलात मलय शेतकऱ्यांसाठी राखलेली ही वस्ती. भोवती शहर चढत गेलं, ही तशीच राहिली. जमिनीला सोन्याचा भाव असला तरी एकेका तुकड्याला वारसाहक्काने इतके मालक की विकायचं ठरवायला सगळ्यांना एकत्र आणायचं कुणी? कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

घरमालकीण माकचिक. तिकडे मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला माकचिक म्हणतात, मीही म्हणत असे. रोज सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी घडीचं टेबल मांडायची. एका बाजूला तपकिरी कागदात बांधलेले नासी लमाकचे पुडे, म्हणजे नारळाच्या रसात शिजवलेला भात, वर तिखट संबल, तळलेली सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या दोन चकत्या. दुसऱ्या बाजूला ताटंच्या ताटं कुएह. मिठाई म्हटलं तर तिखटमिठाचं कारिपापही कुएहच, आणि नाश्ता म्हटलं तर सकाळी सातला गूळ खायची इथे कुणाला लाज नाही. चिमटा उचला, हवं ते पिशवीत टाका, पैसे द्या. तेव्हा एका रिंगिटला तीन मिळायचे.

मी ते टेबल पाठ केलं. स्री मुका : खाली नारळाच्या रसातला चिकट तांदूळ, वर पांदानच्या रसाचा हिरवा थर. ओंडे-ओंडे : सुपारीएवढे हिरवे गोळे, किसलेल्या खोबऱ्यात घोळवलेले, आख्खा तोंडात टाकायचा, अर्धा चावला तर आतला पातळ गूळ सदऱ्यावर. पुलुत इंती : गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला भात आणि त्यावर गुळातलं खोबरं, केळीच्या पानात. कुएह लापिसचे थर पोरं एकेक सोलून खायची आणि आया ओरडायच्या. पांदान म्हणजे आपल्याकडे ज्याला अन्नपूर्णेचं पान म्हणतात ते. आंबेमोहर किंवा बासमतीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो तेच द्रव्य या पानात आहे, म्हणून माकचिकच्या स्वयंपाकघरात पहाटे भात न शिजताही आंबेमोहर शिजल्याचा वास असायचा. बाटलीतला हिरवा रंग वापरणाऱ्यांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. माझंही झालं.

या टेबलावरचं सगळं काही तिने केलेलं नसे. निम्म्याहून जास्त ताटं इतर घरांतून यायची. पहाटे कुणाचा मुलगा स्कूटरवर डबा ठेवून जायचा, दुपारी विकल्याचे पैसे आणि उरलेला माल घेऊन जायचा. स्री मुका मशिदीमागे राहणाऱ्या विधवेचं, कारिपाप एका निवृत्त मास्तरांचं, ओंडे-ओंडे तिचे स्वतःचे. गिऱ्हाइकांना हे पक्कं माहीत. मास्तर आजारी पडले की कारिपापचं ताट रिकामंच राही. दुसऱ्या कुणाचं आणून भरलं तरी लोक उचलायचे नाहीत.

आणि ऑफिसातले आपले लोक! त्यांच्यावर माझा दात आहे, तो आज काढून टाकते. त्यांनी एका फ्लॅटमध्ये डब्याची सोय केली होती. पोळी, भाजी, आमटी, रविवारी श्रीखंड. उत्तम. परक्या मुलखात घरचं खावंसं वाटणं मला कळतं. पण मी पुलुत इंतीचं पान उघडलं की एकजण हमखास विचारायचा, "तेल कसलं असतं गं यांचं? भांडी तीच असतील ना?" निळा भात, गूळ, खोबरं. त्यात तेल शोधणारी ही माणसं रात्री हॉटेलात जाऊन भांडी न विचारता चिकन टिक्का खायची. भांड्यांची चौकशी फक्त टोपी आणि तुडुंग, म्हणजे बायकांचा डोक्यावरचा रुमाल, दिसले की सुरू व्हायची.

माझीही एक रेघ होती. रमजानात कांपुंग बारूच्या मशिदीत दुपारी मोठ्या हंड्यांमध्ये बुबुर लांबुक शिजते, मसाल्याची पातळ खिमट, आणि येईल त्याला फुकट वाटतात. शहरभरातून लोक रांगेला येतात. त्यात गोमांस असतं, मी घेतली नाही. माकचिकने न विचारता माझ्यापुरती बिनमांसाची वेगळी शिजवली आणि वर म्हणाली, "मशिदीच्या हाताची चव नाही येणार." नाही आली असावी. पण मला चांगली लागली.

आता इतिहास. दोदोल तिकडेही होतो, आणि तो म्हटला की कुणीतरी शहाणा माणूस पोर्तुगीज अल्बुकर्कला ताटावर आणून बसवतोच. तर 25 नोव्हेंबर 1510 ला त्याने गोवा घेतलं आणि पुढच्या ऑगस्टात मलाका. मलाक्याची लूट भरलेलं त्याचं 'फ्लोर द ला मार' हे जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालं, तो वाचला. पुढे 1641 मध्ये डचांनी मलाका काढून घेईपर्यंत ही दोन बंदरं एकाच राज्यात होती. माणसं जात-येत होती, मेलेलीसुद्धा : फ्रान्सिस झेवियरचा देह 1553 मध्ये काही महिने मलाक्याच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलेला होता, मग उकरून गोव्याला नेला. दोदोलही याच वाटेने आला म्हणतात. श्रीलंकेतही तो आहे, काळा म्हणूनच ओळखला जातो. सगळं मान्य. पण हे सांगणाऱ्याने कधी दोदोल ढवळलेला नसतो. दर्यावर्दी कप्तान चुलीपुढे दुपारभर उभा राहून नारळाचं तेल सुटायची वाट बघत नाही. जहाजातून आलेली गुलाम बाई, लग्न लावून दिलेली बायको, स्वयंपाकी पोर यांपैकी कुणाच्या तरी हातात ते होतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत आणि अल्बुकर्कचा पुतळा मात्र आहे. असो.

2005 साली दिवाळी 1 नोव्हेंबरला आली आणि ईद 3 तारखेला. दोन्ही सणांची सुट्टी जोडून क्वालालंपूर ओस पडलं. ईदला मूळ गावी जाण्याचा तिकडे रिवाज आहे आणि तो सगळं शहर पाळतं. माकचिक म्हणाली, "तू एकटी भिंती बघत बसणार? चल." तिचं माहेर मलाका राज्यात, मेर्लिमाऊच्या बाजूला. खांबांवर उभं लाकडी घर, पुढच्या जिन्याला रंगीत फरशा, अंगणात रात्री पणत्यांसारखे तेलाचे दिवे ओळीने. दिवाळीच्या दिवशी मी त्या अंगणात पोचले तेव्हा नारळाच्या सालींच्या विस्तवावर न्हाणीएवढी लोखंडी कढई चढलेली होती आणि माकचिकचा मोठा भाऊ, पाक लोंग, वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्याने दोदोल ढवळत होता.

इथे हे काम पुरुषांचं. सात-आठ तास, पाळीपाळीने. बायका नारळ खवणार, रस काढणार, बांबूच्या नळ्यांत ओतून गोठवलेल्या गुळाच्या लांबट ढेपा फोडणार आणि पुरुष फोटोत येणार. मी दांडा मागितला तेव्हा हशा पिकला. पाक लोंगने दिला. आधी पातळ असतं, काहीच वाटत नाही. मग घट्ट होतं आणि दांडा तुम्हालाच ओढू लागतो. धूर डोळ्यात, घाम पाठीवरून. मी दम खायला थांबले की तो ओरडायचा, "जांगान बरहेंती!" थांबू नकोस. मांयही तेच म्हणायची, हे मला विस्तवापुढे आठवलं. तोवर मी तिचा आवाज विसरले होते.

आणि मग जे झालं ते मी इतक्यांदा सांगितलंय की घरचे आता उठून जातात. अंगणातल्या सगळ्यांचे रोजे. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, पुढ्यात गूळ उकळतोय. चव बघायची कुणी? जिभेला लावून थुंकलं तर चालतं, असं एक पुतण्या म्हणाला. पाक लोंगला ते पटलं नाही. पोरांच्या जिभेवर त्याचा विश्वास नव्हता. उपास नसलेलं मोठं माणूस मी एकटीच. त्याने केळीच्या पानाच्या तुकड्यावर गोळा ठेवला, निवू दिला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. "माचाम माना?" कसं झालंय?

चांगलं झालं होतं. फार चांगलं. फक्त शेवट नव्हता. गोडवा यायचा आणि तिथेच बसायचा. मी म्हटलं, "गाराम." मीठ. पुन्हा हशा. पाक लोंग हसला नाही. त्याने विचार केला, घरात हाक मारली आणि चिमूट नाही, चांगली मूठ टाकली. कढई तेवढी होती. त्या ईदला त्या गावातल्या कित्येक घरांत वेंगुर्ल्याच्या मांयच्या मापाने खारवलेला दोदोल गेला. पोर्तुगीज इतिहासकारांनी याची नोंद घ्यावी.

आजकाल तिकडे मोटारीने ढवळणारी यंत्रं आली आहेत, दांडा आपोआप फिरतो. त्यावर हळहळणारे लोक मी ऐकले. मी नाही हळहळत. त्यातलं एक मांयच्या परसात असतं तर तिचा हात आज केसांपर्यंत पोचला असता.

मी गावाला जाताना रिकाम्या हाताने गेले नव्हते. आईने पाठवलेल्या दिवाळीच्या पार्सलात आजीच्या हातचे बेसनाचे लाडू होते, ऐंशी पार केलेल्या आजीने वळलेले, वेलदोडा जास्तच. ईदच्या सकाळी मी तो डबा माक लोंगच्या, म्हणजे पाक लोंगच्या बायकोच्या हातात ठेवला. तिने दोन्ही हातांनी घेतला. तोंडभर हसली. एवढं कशाला, अशा अर्थाचं काही म्हणाली. मग डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, नीट, झाकण दाबून, आणि मांसाचं रेंदांग हवं का असं न विचारता माझ्या ताटलीत आणखी लेमांग, म्हणजे चिकट तांदळाचा भात, वाढला. पाहुण्यांच्या रांगा लागल्या, टेबलावर जागा उरली नाही, तो डबा काही खाली आला नाही. परमुलखातल्या, परधर्माच्या घरातलं तूप. त्यात काय असेल कोण जाणे. मला ते हसू इतकं ओळखीचं होतं की मी नजर वळवली.

तिचा मला राग आला नाही. आजीचा आला, नव्याने. मुक्कामाहून परतल्यावर मी कॉलिंग कार्ड घेऊन मुद्दाम फोन लावला. आजीने पहिलंच विचारलं, "लाडू आवडले त्येंका?"

म्हटलं, खाल्ले नाहीत. हसून घेतले आणि वर ठेवून दिले. कदाचित कुणाला तरी देऊन टाकले असतील.

पलीकडे आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर चवीने वाट बघत होते.

"बरां केल्यान," आजी म्हणाली. "खंयच्या घरचा, कसला तूप, तेका काय म्हायत? शाणी दिसता बाय."