शेजारी झोपणाऱ्याला विचारा

जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. वर्षभर दुखणं अंगावर काढणारी माणसं तेव्हा दवाखान्याची पायरी चढतात. कोकण किनाऱ्यावरच्या नाटे, साखरीनाटे, आंबोळगड या पट्ट्यातले माझे बरेचसे हृदयरुग्ण मला याच दिवसांत भेटतात. छातीत धडधडतं, दम लागतो, ही तक्रार. नाडीवर बोटं ठेवली की ठोक्यांना ताळतंत्र नाही हे कळतं आणि ईसीजीवर निदान पक्कं होतं : एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साकळतं. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, ठोके आवरणारी गोळी सुरू होते. झोपेची चौकशी मात्र क्वचितच होते.

आणि ती रुग्णाकडे करून भागत नाही. तो सांगतो, पाठ टेकली की डोळा लागतो. एका तांडेलांच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांच्या, बाबतीत खरं उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. "घोरतात त्याचं काही नाही हो डॉक्टर, पण मधेच एकदम गप्प होतात. हलवलं की मग श्वास घेतात." बरोबर आलेला खलाशी म्हणाला, "बोटीवर पण तसंच. आम्ही पाळीपाळीने उठवतो त्यांना."

त्यांना एका रात्रीसाठी तपासणीचं यंत्र घरी दिलं : नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. सकाळी आलेख पाहिला. नाकातल्या हवेची रेघ सपाट होते, छातीची रेघ मात्र हलतच राहते. म्हणजे घसा मिटलाय आणि माणूस झोपेतच श्वासासाठी झटतोय. ऑक्सिजन घसरतो, नाडी मंदावते. मग मेंदू दचकतो, घसा उघडतो आणि नाडी उसळी मारते. झोपेत वारंवार श्वास अडण्याचा हा आजार म्हणजे स्लीप अॅप्निया. हे तासाला तीस किंवा त्याहून जास्त वेळा झालं तर आजार तीव्र समजतात.

मिटलेल्या घशातून हवा ओढताना छातीतला दाब खूप खाली जातो आणि वरच्या कप्प्यांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. त्यात ऑक्सिजनची उपासमार, वर अॅड्रेनलिनचा मारा. वर्षानुवर्षं रोज रात्री हे चाललं की कप्पे फुगतात, भिंतीत चट्टे पडतात आणि विजेच्या लहरी वाट सोडून भरकटतात. १९८३ साली झोपेचे अभ्यासक गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी स्लीप अॅप्नियाच्या ४०० रुग्णांचे ठोके रात्रभर नोंदले. जवळजवळ निम्म्यांत काही ना काही अनियमितता सापडली.

हा शहरी, लठ्ठ माणसांचा आजार, असा समज आहे. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबईत गेले तेव्हा या आजाराचं नाव वर्तमानपत्रांत आलं आणि लवकरच विरलं. मुंबईतच हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. दिवसा पेंग आणणारा पुरता आजार ७.५ टक्क्यांना निघाला. आखूड मान, मागे असलेली हनुवटी एवढंही कधी कधी पुरतं. पोट सुटलेलंच असावं लागत नाही.

उपचार म्हणजे सीपॅप. मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पुढे आणलं. मेयो क्लिनिकच्या २००३च्या अभ्यासात, शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणल्यावर वर्षभरात ते पुन्हा बिघडण्याचं प्रमाण अॅप्नियावर उपचार न घेतलेल्यांत ८२ टक्के होतं, घेतलेल्यांत ४२. अभ्यास लहान होता आणि नंतरच्या काटेकोर चाचण्यांत सीपॅपने ठोके सुधारल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे यंत्र घेतलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कुणी परस्पर सोडू नये. पण झोप सुधारते, रक्तदाब थोडा उतरतो, आणि वजन कमी केलं, रात्रीची दारू सोडली तर ठोक्यांनाही फायदा होतो. झोपेकडे डोळेझाक करून नुसत्या गोळ्या वाढवत राहणं मला पटत नाही.

तांडेलांचा प्रश्न एकच होता : समुद्रात यंत्र चालेल का? काही यंत्रं जोडणी घेऊन बॅटरीवर चालतात, आणि बॅटरी बोटीवर असतेच. खाऱ्या हवेत गाळणी वरचेवर बदलायची, मास्क रोज गोड्या पाण्याने धुवायचा. पट्टे किती आवळायचे ते मी त्या खलाशालाही दाखवून ठेवलं.